आधी एकेकाला फोन करा, सभा मागाहून

मला पत्र लिहून सल्ला विचारणारे १९९६ च्या दहावीच्या बॅचचे आहेत. त्यांचे शास्त्र-गणिताचे सर महिन्यापूर्वी वारले. ग्रुपवर चार तट पडलेत: कुणाला मोठी शोकसभा हवी, कुणाला स्मरणिका, कुणाला सरांच्या नावे बक्षीस, आणि एकाला प्रयोगशाळेवर सरांच्या नावाची पाटी. प्रास्ताविक यांच्या गळ्यात पडलंय. पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता लिहिलंय, की सरांनी एकदा वर्गाला कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला, म्हणजे मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत येतात तो सोहळा बघायला, नेलं होतं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजायला लावले होते. ‘पण ते सभेत सांगण्याइतकं महत्त्वाचं नाही.’

त्या वाक्याकडे मी नंतर येते. आधी माझ्याविषयी दोन ओळी. कोल्हापुरात ३४ वर्षं मराठी शिकवलं. शाळेचा वार्षिक अंक काढता काढता लोकांच्या स्मरणिका माझ्याकडे यायला लागल्या, आणि निवृत्तीनंतर तर दर वर्षी एक-दोन. वीस-बावीस झाल्या असतील. त्यातल्या चारच आज पुन्हा उघडून वाचाव्याशा वाटतात. बाकीच्यांत सर कुठलेही असोत, फोटो बदलला की चालेल.

हे असं का होतं ते मला उशिरा कळलं. माणूस गेला की ग्रुपवर पहिल्या तासाभरात कुणीतरी एक आठवण टाकतो. चांगली असते. लगेच दहा अंगठे, पाच रडके चेहरे, आणि ‘अगदी खरं, माझाही हाच अनुभव.’ तीन आठवड्यांत ती सगळ्यांची आठवण होते. ज्यांनी तो प्रसंग पाहिलाच नव्हता तेही तो रंगवून सांगायला लागतात. खोटं बोलत नाहीत बिचारे, त्यांना खरंच तसं वाटायला लागतं. आणि ज्याच्याकडे काही वेगळंच होतं, जरा आडवं, जरा किरकोळ, तो गप्प बसतो. त्याला वाटतं आपलं काय सांगायचं.

म्हणून तुमच्या चारही तटांना माझं एकच म्हणणं आहे. सभा कधी, कुठे, हे ठरवायच्या आधी निदान पंधरा-वीस जणांना एकेकटं गाठा. ग्रुपवर नाही, फोनवर, जमलं तर घरी जाऊन. एका महिन्यात ग्रुपवर जे व्हायचं ते थोडंफार झालं असेलच, त्यामुळे उशीर नको. विचारून फोन रेकॉर्डिंगवर ठेवा. दहा मिनिटं पुरतात.

विचारायचं काय, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. ‘सरांबद्दल दोन शब्द सांगा’ म्हटलं की माणूस भाषण करतो. ‘सर तुमच्यासाठी कोण होते’ म्हटलं की पितृतुल्य म्हणतो. त्यापेक्षा विचारा: तू कितव्या बाकावर बसायचास? सर वर्गात आले की पहिल्यांदा काय करायचे? हातात काय असायचं? तुला उद्देशून बोललेलं एखादं वाक्य आठवतं का, जसंच्या तसं? सर कधी चुकले होते का? तुझ्यावर कधी चिडले? शाळेबाहेर कुठे दिसले होते, मंडईत, रंकाळ्यावर, कुस्तीच्या मैदानात? यातल्या एका प्रश्नाला तरी माणूस थांबतो. ‘थांबा हं बाई,’ म्हणतो. त्या थांबण्यानंतर जे येतं ते लिहून घ्या.

एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वीच्या एका स्मरणिकेसाठी उद्यमनगरातल्या एका टर्नरचा मजकूर आला: ‘सर अत्यंत शिस्तप्रिय, विद्यार्थिप्रिय व हाडाचे शिक्षक होते. त्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे.’ मी फोन केला. तो म्हणाला, ‘बाई, मला तसलं लिवाय येत न्हाई. पोरानं लिवून दिलं.’ म्हटलं, बरं झालं. आता सांग, सरांनी तुझ्या हातात कधी काही दिलं होतं? जरा वेळानं म्हणाला, व्हर्नियर दिला होता. नववीत. याच्या खिशात गोटी होती, सरांनी ती काढायला लावली आणि म्हणाले, हिचाच व्यास मोज. यानं तीनदा मोजला, तिन्ही वेळा आकडा वेगळा. एक मिलिमीटरचा दहावा भाग इकडं-तिकडं. याला वाटलं आता मार बसणार, म्हणून यानं पुस्तकात शोभेल असा एक आकडा ठरवून टाकला. सर म्हणाले, ‘तिन्ही लिही. गोटी गोल नसंल, न्हाईतर तुझा हात हालला असंल. पण जे दिसलं ते लिही.’ हा माणूस आज स्वतःच्या वर्कशॉपमध्ये पोरांना मायक्रोमीटर देतो तेव्हा हेच म्हणतो. शिस्तप्रिय, विद्यार्थिप्रिय वगैरे सगळं आम्ही काढलं आणि गोटी ठेवली. त्या अंकातलं लोकांना आजही आठवतं ते हेच पान.

फोन कुणाला करायचे? बोर्डात आलेल्यांना सगळेच करतात. तुम्ही नापास झालेल्यांना करा, आठवीतून शाळा सोडलेल्यांना करा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येकाच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंद असते. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज देऊन तुमच्या वर्षाची नावं तेवढी बघून घ्या. ग्रुपवर नसलेली आठ-दहा नावं निघतीलच. मग शिपाईमामा, प्रयोगशाळेचे परिचर, सरांच्या घराजवळचा पेपरवाला. परिचराला जे माहीत असतं ते मुख्याध्यापकाला माहीत नसतं. एका बाईंच्या बाबतीत आम्हाला परिचरांकडूनच कळलं, की प्रात्यक्षिकाच्या आदल्या संध्याकाळी त्या एकट्या थांबून प्रत्येक प्रयोग स्वतः करून बघायच्या, २७ वर्षं शिकवून झाल्यावरसुद्धा.

सरांच्या घरी जाताना आठ जण मिळून जाऊ नका. रक्षाविसर्जन झालं, दिवसकार्य झालं, आता घर रिकामं झालं असेल. दोघंच जा आणि पहिल्या खेपेला काही मागू नका. वहिनी आपणहून काढतील ती टाचणवही बघा, चष्म्याची डबी बघा, चहा घ्या. दुसऱ्या खेपेला विचारा. आणि हे लक्षात ठेवा: घरातली एकही वस्तू घराबाहेर न्यायची नाही. फोटो, प्रमाणपत्रं, डायऱ्या, जे काय असेल ते तिथेच खिडकीपाशी ठेवून मोबाइलनं टिपायचं. फ्लॅश बंद, कागद सपाट, मोबाइल बरोबर वरून.

हा नियम मी स्वतःच्या चुकीतून शिकले. एका सहकाऱ्यांचा अल्बम मी स्कॅन करायला म्हणून घरी आणला. घर तळमजल्यावर. ऑगस्ट २०१९. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, आणि पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही माणसं आणि गॅसची टाकी वर नेली. अल्बम खालच्या कपाटातच राहिला. पाणी उतरल्यावर काढला तर चिकट पानांचा तो अल्बम एक वीट झाला होता. मग मी दुसरी चूक केली: उन्हात ठेवला. पानं वाळली आणि फोटो प्लॅस्टिकला कायमचे चिकटले. तसा प्रसंग आलाच तर भिजलेले फोटो वाळू देऊ नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हलक्या हातानं एकेक सुटा करा आणि सावलीत, चेहऱ्याची बाजू वर करून, पसरा. मी हे नंतर शिकले. त्या अल्बममध्ये सहकाऱ्यांचा लग्नातला एकमेव फोटो होता. त्यांच्या मिसेस मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तारखा तपासा. सरांची जन्मतारीख १ जून आढळली तर लगेच छापू नका. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची शाळेत नाव घालतानाच १ जून लागली. जून उजाडला, पोरगं उभं राहिलं, गुरुजींनी तारीख टाकली. माध्यमिक शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात आणि जन्म महिन्याच्या एक तारखेचा असला तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून ३१ मे ला आमच्या शाळांमध्ये निरोपसमारंभांची रांग असायची. सेवापुस्तकातली तारीख ‘नोंदीप्रमाणे’ म्हणून द्या आणि खरी वहिनींना विचारा. एकदा मला उत्तर मिळालं होतं, ‘तारीख कुठली, आई म्हणायची बेंदराच्या दुसऱ्या दिवशी झाला.’ आम्ही तेच छापलं.

आता अवघड भाग. त्या काळातल्या सरांनी मारलेलं असतं. पट्टीनं, डस्टरनं, कधी कानाखाली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेला बंदी घातली. त्याआधी ते ‘चालायचं’. तुमच्या बॅचमध्ये असा एक जण निघेल, जो म्हणेल, मला त्या सरांबद्दल चांगलं काही बोलायचं नाही, मला चाळीस पोरांसमोर उभं करून मारलं होतं. त्याला ‘जाऊ दे आता, गेले ते’ म्हणू नका. ऐकून घ्या, लिहून घ्या. सभेत वहिनींसमोर ते नको, पण त्याची तयारी असेल तर स्मरणिकेत जरूर. मी हे दोनदा केलंय. एकदा घरच्यांनी नको म्हटलं, तेव्हा काढलं. दुसऱ्या वेळी मुलानं वाचलं आणि म्हणाला, ‘छापा. घरीपण तसेच होते.’ ज्या अंकात एकाचीही तक्रार नसते, त्यातल्या चांगल्या गोष्टींवरही माझा विश्वास बसत नाही. हे माझं मत, संपादक मंडळाला ते बहुधा पटत नाही.

सभेबद्दल फार सांगत नाही. शाहू स्मारक भवन चांगलं आहे, पण सर तिथं शिकवत नव्हते. शाळेच्याच वर्गात किंवा हॉलमध्ये घ्या. वक्ते चार, प्रत्येकी चार मिनिटं, आणि त्यातला एक तरी नापास झालेला. पुढारी बोलवायचाच असेल तर समोर बसवा. हार-बुके नकोत असं आधीच कळवा. त्या पैशांच्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, पंचगंगा स्मशानभूमीला द्या. महापालिका तिथं अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, आणि शेणीदान ही आपल्या गावाची रीतच आहे. होळीला मंडळं देतात, तुम्ही सरांच्या नावे आत्ता द्या.

स्मरणिका काढणार असाल तर ६४ पानांच्या वर जाऊ नका. पानांचा आकडा आठच्या पटीत ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात आणि मग ती भरायला कुणीतरी स्वतःची कविता आणून देतो. जाहिराती नकोत, शुभेच्छासंदेश तर अजिबात नकोत. गेलेल्या माणसाच्या अंकाला ‘हार्दिक शुभेच्छा’ आलेल्या मी पाहिल्यात आणि छापलेल्याही पाहिल्यात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवले की त्यांचा जीव जातो, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर प्रेसवाले त्यांच्या जुन्या श्री-लिपी फॉन्टात फिरवतात, तेव्हा जोडाक्षरं आणि रफार इकडचे तिकडे होतात. म्हणून प्रूफ फिरवल्यानंतरचं वाचा, आधीचं वाचून उपयोग नाही. निदान सरांचं नाव आणि वहिनींचं नाव तीन वेगवेगळ्या माणसांनी तपासा. लक्ष्मीपुरीतल्या एका प्रेसमध्ये मी रात्री अकरा वाजता मुखपृष्ठावरचं आडनाव दुरुस्त केलंय, मशीनवर प्लेट चढलेली असताना.

बक्षिसाचा हिशेब मात्र बसून करा, कारण तिथं भावना लवकर संपतात. दर वर्षी वर्गणी काढू, असं ठरवलेलं बक्षीस तीन-चार वर्षं चालतं. मग ज्यानं पैसे गोळा करायचे तो पुण्याला जातो. त्यापेक्षा एकदाच रक्कम उभी करा. दोन लाखांची मुदत ठेव, व्याज सहा टक्के धरलं तर वर्षाला १२,००० रुपये. त्यातले ८,००० वापरा आणि ४,००० परत मुद्दलात घाला, म्हणजे वीस वर्षांनी ते बक्षीस अगदीच केविलवाणं दिसणार नाही. ठेव कुणा मित्राच्या नावावर ठेवू नका, मुख्याध्यापकांच्या वैयक्तिक नावावर तर नकोच. शाळा चालवणारी संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असते. तिला चेकनं द्या, आणि सोबत लेखी पत्र द्या, की ही रक्कम कायम निधीत ठेवावी आणि फक्त व्याज अमुक कामाला वापरावं. संस्थेच्या बैठकीत ठराव होऊ द्या आणि त्याची प्रत मागून घ्या. संस्थेला देणगीवरच्या करसवलतीची मान्यता (८०-जी) असेल तर जुन्या करप्रणालीत सूट मिळते, पण २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी त्यात धरत नाहीत.

बक्षीस कुणाला, यावर वाद होईल. गणितात पहिल्याला द्यायचं असेल तर त्याला आधीच चार बक्षिसं असतात. तुमचे सर ज्या गोष्टीवर खूश व्हायचे, त्या गोष्टीला द्या. ती कुठली हे फोनवरच्या गप्पांतून कळेल, म्हणून बक्षीसही फोननंतर ठरवा. प्रयोगशाळेच्या पाटीबद्दल एवढंच, की तिलाही संस्थेचा ठराव लागतो आणि पुढच्या रंगकामात ती जाते.

आता किरणोत्सव. तुम्ही लिहिलंय, हे सांगण्याइतकं महत्त्वाचं नाही. मी पत्र वाचून माझं कॅलेंडर काढलं. देऊळ पश्चिमाभिमुख, मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत येतात, वर्षातून दोनदा: नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण दोनदाच का, आणि याच तारखांना का, हे मला साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत मोजले: ४१ दिवस. २१ डिसेंबरपासून ३१ जानेवारीपर्यंत मोजले: ४१ दिवस. सूर्य दक्षिणेकडं सरकत जातो, डिसेंबरात टोकाला पोचून वळतो, आणि तितक्याच दिवसांनी क्षितिजावरच्या त्याच जागी परत मावळतो. तुमच्या सरांनी हे फळ्यावर सांगितलं नाही, तुम्हाला भिंतीपाशी उभं करून बोटानं मोजायला लावलं. पासष्टी ओलांडलेली मराठीची बाई काल संध्याकाळी स्वयंपाकघरात उभी राहून तेच करत होती, तुमच्या एका ओळीमुळे.

तर प्रास्ताविकाची सुरुवात तिथून करा. ‘आज आपण सारे इथे जड अंतःकरणाने’ नको. तीन मिनिटं म्हणजे साधारण तीनशे शब्द. त्यातले दोनशे त्या एका संध्याकाळला द्या. कुठे उभे होतात, चपला कुठे काढल्या होत्या, गर्दी किती होती, ढग आला होता का, किरणं पोचली का? काही वर्षी पोचत नाहीत, महाद्वार रोडवरची इमारत नाहीतर क्षितिजावरचं धुकं आडवं येतं. त्या दिवशी पोचली नसतील तर सर काय म्हणाले? कॅलेंडर कुठलं, शाळेतलं की कुणाच्या दुकानातलं? बोट कुणाचं होतं?

आणि एक गोष्ट आधी नक्की करा. तुम्ही लिहिलंय ‘नोव्हेंबरात, दहावीत असताना’. नोव्हेंबरचा तो आठवडा पुष्कळदा दिवाळीच्या सुट्टीत येतो. मग सरांनी सुट्टीत बोलावलं होतं का? की ते जानेवारीअखेर होतं, पूर्वपरीक्षेच्या धामधुमीत? सुट्टीत असेल तर महाद्वार, मंगळवार पेठ, शिवाजी पेठ अशा जवळपासच्या पोरांनाच निरोप गेला असेल, आणि गावाकडून एसटीनं येणारी मुलं त्यात नसतील. त्यांच्यातल्या एखाद्याला विचारा, त्यानं ते कधी मोजलं. फोन आजच करा. ग्रुपवर टाकू नका.